गणितातला दादा

३ जुलै

प्रिय आत्या,

तुझे डोळे कसे आहेत? तुला वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. ओळी वाकड्या गेल्या तर रागावू नकोस. टेबलावर वह्यांचा ढीग आहे, म्हणून मांडीवर पाट घेऊन लिहितेय.

शाळेत रुजू होऊन महिना झाला. नववीचं बीजगणित माझ्याकडे दिलंय. आदल्या दिवशी सगळी उदाहरणं सोडवून, ताळा पाहून मगच मी वर्गात जाते, तरी फळ्यासमोर उभी राहिले की पुन्हा एकदा वहीत बघते. परवा तर एक असा प्रकार झाला की तेव्हापासून मला चैन नाही. मागच्या बाकावर एक मुलगी बसते. तिला सगळ्या वकील म्हणतात, कारण ती प्रत्येक गोष्टीत 'कशावरून' विचारते. मी एक समीकरण पाच ओळींत सोडवलं, खाली क्ष बरोबर सात लिहिलं आणि त्याखाली ऐटीत दोन रेघा ओढल्या. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हे सोडवलं म्हणजे नक्की काय केलं?"

मी सांगितलं, क्षची किंमत काढली. तिने विचारलं, काढायच्या आधी ती कुठे होती. वर्ग हसला, मीही हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. इकडचं तिकडे न्यायचं, चिन्ह बदलायचं, भागायचं, हे मला झोपेतही जमेल. आपण काय करतोय ते मात्र माहीत नाही. स्वतःला न समजलेलं दुसऱ्याला शिकवणं ही फसवणूकच झाली ना? तू मला लहानपणी सांगितलं असशील, मीच विसरले असेन. पुन्हा सांग.

वर्गात मला दादा फार आठवतो. "दादाने हे गणित असं केलं, त्याचं कुठे चुकलं सांग बघू," असं तू म्हणायचीस. स्वतःचं उत्तर लिहायचं म्हटलं की मी पाटी दूर ढकलायची, पण दादाची चूक मी झटक्यात पकडायची. मुलींनाही मी आता तसंच विचारते. आणि योग बघ, दादा आलाय. सोमवारी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत होता. बाबा गेल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, ते तुला माहीतच आहे. आता ती उठून बसते, जेवते, केस विंचरते. माझी परीक्षेची गडबड संपली की तो आईला आपल्याबरोबर घेऊन जायचं म्हणतोय, कुठल्या तरी लांबच्या गावी. तिला जाऊ द्यावं की नाही, मला काही सुचत नाही. तुझा सल्ला हवा आहे.

टपाल न्यायला माणूस येण्याची वेळ झाली, म्हणून इथेच थांबते. समीकरणाचंही नक्की लिही.

तुझी धाकटी

११ जुलै

धाकटे, तुला पोटभर आशीर्वाद.

डोळे आहेत तिथेच आहेत. उजव्याला अक्षर दिसतं, डाव्याला नुसता उजेड. शेजारच्या शिंपिणीने मला सुई ओवायला सांगणं बंद केलं, एवढाच काय तो फरक.

तुझ्या वकीलबाईंना माझा नमस्कार सांग. तिने विचारलं ते मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. पाटीवर रेघ ओढायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघणारी मुलगी तू. तेव्हा हे सांगितलं असतं तर पाटीच टाकून पळाली असतीस. आता ऐक.

समीकरण म्हणजे एक विधान. त्यात एक जागा रिकामी आहे आणि तिथे आपण क्ष बसवलाय. ते म्हणतं, दोन्ही बाजू सारख्या आहेत. ते म्हणतं म्हणून ते खरं असतं असं नाही. रिकाम्या जागी एखादी संख्या ठेवली की खरं होतं, दुसरी ठेवली की खोटं. कोणकोणत्या संख्यांनी ते खरं होतं ते सांगायचं, एकही गाळायची नाही आणि एकही उगाच घुसवायची नाही. सोडवणं म्हणजे एवढंच.

आणि ते आपण करतो कसं? आपण म्हणतो, समजा अशी एक संख्या आहे. मग त्या 'समजा'वर एकेक पायरी चढवतो. हे खरं असेल तर ते खरं असलं पाहिजे, ते असेल तर पुढचं. शेवटच्या ओळीत सात आले, याचा अर्थ इतकाच की कोणी असेलच तर तो सात आहे. कोणी आहे की नाही, हे पायऱ्या सांगत नाहीत बरं. ते बघायला सात उचलून पहिल्या ओळीत ठेवावे लागतात.

आता तू म्हणशील, पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर चुकेल कसं. हे घे. क्षचं वर्गमूळ बरोबर क्ष उणे सहा. वर्गमूळ घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग कर आणि पुढे सोडव. दोन उत्तरं येतील, नऊ आणि चार. नऊ पहिल्या ओळीत ठेव, इकडे तीन, तिकडेही तीन. चार ठेव, इकडे दोन आणि तिकडे उणे दोन. म्हणजे चार हा आगंतुक. शिरला कुठून? वर्ग केला तिथून. दोन आणि उणे दोन वेगळे असतात, पण वर्ग केला की दोघेही चार होतात. कोण कुठून आला याची खूण पुसली जाते. पायरी खोटी नव्हती, पण तिच्यावरून खाली उतरता येतं, वर चढता येत नाही. म्हणून ताळा कायम पहिल्या ओळीत पाहायचा. मधल्या ओळीत पाहशील तर चारही साळसूदासारखे जुळून बसतील.

दादा आलाय हे वाचून मी इतकी हसले की शिंपिणीने भिंत ठोठावली. वर्गात नेलंस ना त्याला, छान केलंस. वहिनीलाही त्यात ओढलंस, याचं मात्र नवल वाटलं. पूर्वी त्याचं नाव काढलं की ती उठून जायची. पण ती जेवायला लागली हे वाचून डोळे भरून आले, आणि मला डोळे भरणं परवडत नाही. तिला घेऊन कुठल्या गावी निघालाय तो? गाडीचा वेग आणि अंतर कळव, किती वेळ लागेल ते मी काढून देते. एवढा घोडा झालाय तर विचार त्याला, शिडीच्या गणितात पडला तेव्हा फुटलेला तो गुडघा बरा झाला का, आणि चिन्ह बदलायचं अजून विसरतो का. आणि काही झालं तरी त्याचा ताळा पहिल्या ओळीतच बघ.

तुझी आत्या

२० जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि वर्गात जवळजवळ तसंच सांगितलं. वकील ते वहीत उतरवून घेत होती. मग म्हणाली, म्हणजे बाई, शेवटच्या ओळीत सापडतो तो नुसता संशयित. मला इतकं बरं वाटलं की तास संपल्यावर मी तिला फळा पुसायला लावायचंही विसरले.

दादाबद्दल तू थट्टा का करतेस ते मला कळलं नाही. कदाचित इतक्या वर्षांनी तुलाही धक्का बसला असेल. तरी तू सांगितलंस तसं केलं. गुडघ्याचं विचारल्यावर त्याने पायजमा वर केला. डाव्या गुडघ्यावर जुना व्रण आहे. मग मी त्याला एक सोपं समीकरण दिलं, दोन क्ष अधिक पाच बरोबर अकरा. त्याने पाच पलीकडे नेले, अधिकचे अधिकच ठेवले आणि उत्तर आठ काढलं. अगदी तू सांगायचीस तसं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, भावाचं नाक तुमच्यावर गेलंय. आईला तर काही विचारायलाच नको. सकाळी उठल्या उठल्या ती त्याला हाक मारते आणि तो 'आई' म्हणत येतो. तिच्या आवाजात इतका जीव मी कधी ऐकला नव्हता.

पण मला शांत वाटत नाही. का, ते नीट लिहायचा प्रयत्न करते. त्याच्यावर अन्याय व्हायला नको, म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिते.

विचारल्याशिवाय तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. इतकी वर्षं कुठे होतास, असं मी विचारलं. म्हणाला, शिकायला. काय शिकलास? बीजगणित. मग पुढे? पुढे तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच काही सांगायचं राहिलंय. काय खायला आवडतं, विचारलं तर त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, वाटाणे. मग तो म्हणाला, हो, वाटाणे. त्याच्या चपला दाराशी असतात. त्या नव्या नाहीत, पण त्यांचे तळ घासलेलेच नाहीत. मी उलट्या करून बघितल्या. करू नये ते केलं, पण बघितल्या.

काल मी त्याचं वय विचारलं. माझाच हिशेब लागत नव्हता, कारण तुझ्या एका गणितात तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा असायचा आणि दुसऱ्यात माझ्या दुप्पट वयाचा. तो शेंगा मोडत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "कुठल्या गणितातलं?"

मी हसले. तो हसला नाही. चेष्टा करणाऱ्या माणसाच्या तोंडावर शेवटी काहीतरी उमटतंच. तो मात्र खरोखर उत्तराची वाट बघत होता.

आत्या, मला दादा आठवत नाही. मला कळायला लागायच्या आधीच तो गेला असणार. हे मी तुला किंवा आईला सरळ कधी विचारलं नाही. विचारलं की घर गप्प व्हायचं. म्हणून मी आपला आपणच तो काढला होता. तू रोज त्याच्या चुका सांगायचीस, म्हणजे माझ्याआधी तो तुझ्याकडे शिकला. त्याचा विषय निघाला की आई आत जाऊन डोळे पुसून यायची, म्हणजे तो तिच्यापासून दूर होता. बाबा तुला म्हणायचे, हे आता पुरे कर, म्हणजे बाबांचं त्याच्याशी बिनसलं होतं. अशा पायऱ्या करत मी ठरवलं की तो भांडून घर सोडून गेला. प्रत्येक पायरी मी पुन्हा तपासली, त्यात मला चूक दिसत नाही. पण तू लिहितेस, ताळा पहिल्या ओळीत पाहा. दादाची पहिली ओळ मला माहीतच नाही. ती फक्त तुला माहीत आहे. तेवढी लिहून पाठव.

लवकर पाठव. आईची ट्रंक भरून झाली आहे. तीन ऑगस्टला सकाळच्या गाडीने निघायचं ठरलंय. गावाचं नाव मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, लांब आहे.

तुझी धाकटी

२६ जुलै

धाकटे,

हे पत्र मिळेल तेव्हा उभी असशील तर खाली बस.

तुला दादा नाही. कधीही नव्हता. तो मी केलेला आहे.

मला वाटत होतं की तुला हे ठाऊक आहे. मोठी झाल्यावर मुलांना जसं आपोआप कळतं की गोष्टीतली मांजर बोलत नव्हती, तसं तुलाही कळलं असेल, असं मी धरून चालले. 'दादा आलाय' हे वाचून मी हसले, कारण तू वर्गासाठी नवी उदाहरणं रचत्येस असं मला वाटलं. मांडीवर पाट घेऊन तू खरं लिहीत होतीस, आणि मी गाडीचा वेग विचारत बसले.

तो का केला ते ऐक. तू इतकी भित्री होतीस की चुकण्यापेक्षा उपाशी बसणं पसंत करायचीस. तुला शाळेत घातलं असतं तर पहिल्याच आठवड्यात आजारी पडली असतीस, म्हणून तर तुला घरी शिकवायचं ठरलं. पाटी पुढे केली की रडायचीस. एक दिवस मी म्हटलं, बरं, तू नको सोडवू, तुझ्या दादाने सोडवलंय, त्याचं कुठे चुकलं तेवढं सांग. तू पाटीवर वाकलीस आणि सांगितलंस. त्या दिवसापासून चुकायचं काम दादाकडे आणि पकडायचं तुझ्याकडे. त्याचा गुडघा मी फोडला. चिन्ह विसरायची खोड मी लावली. वय तर ज्या गणिताला जसं लागेल तसं.

वहिनी का उठून जायची, तेही आता लिहायला हवं. तुझ्या आधी तिला मुलगा झाला होता. तो रडला नाही. दाईने त्याला कापडात गुंडाळलं आणि माझा भाऊ त्याला घेऊन गेला. त्याचं नाव ठेवायचंही राहिलं. ती जागा रिकामी होती आणि माझ्या शिकवण्याच्या नादात मी तिथे एक मुलगा बसवला, तिच्या देखत. भाऊ मला पुरे कर म्हणायचा तो त्यासाठी. मी पुरे केलं नाही, कारण तू लिहायला लागली होतीस.

तुझ्या पायऱ्यांत खरंच चूक नाही. पण गेलेल्यासाठी आणि कधी न आलेल्यासाठी डोळ्यांतून सारखंच पाणी येतं. तू पाण्यावरून मागे गेलीस. तिथे खूण पुसली गेली आणि तिथून हा आत शिरला.

तुला पहिली ओळ हवी होती ना? ही घे. वहिनीच्या पोटी जन्मून जगलेला एक मुलगा आहे. त्या ओळीत कोणीही बसत नाही. काही समीकरणांना उत्तरच नसतं, तरी त्यांच्या पायऱ्या सुरेख उतरतात आणि शेवटी काहीतरी येतंच.

तुमच्या स्वयंपाकघरात कोण बसलंय ते मला माहीत नाही. वहिनीला त्याच्याबरोबर जाऊ देऊ नकोस.

आत्या

६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

आई इथेच आहे. आधी तेवढं वाच, बाकीचं नंतर.

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. दोन दिवस मी तोंड उघडू शकले नाही. वह्या तपासत होते आणि बरोबर उत्तरांवर फुल्या मारत होते. आईला सांगायचं म्हणजे तिचं जेवण, तिचं केस विंचरणं, तिची सकाळची हाक, सगळं हिरावून घ्यायचं. आणि न सांगावं तर ती जाणार. मी मनात म्हणत होते, तो चांगला वागतो, तिला सुखात ठेवील, मग पहिल्या ओळीशी काय करायचंय. असं मीच म्हणत होते, आत्या, जी दुकानदाराने चुकून जास्त दिलेली सुपारीसुद्धा परत करते.

तीन तारखेला सकाळी आई ठेवणीतले कपडे घालून तयार झाली. तो ट्रंक उचलायला वाकला आणि मी जाऊन ट्रंकेवर बसले. दुसरं काही सुचलं नाही. आई म्हणाली, उठ गं, गाडी चुकेल. मी म्हटलं, आई, दादा कधीच नव्हता.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

ती रागावली नव्हती. सावकाश बोलत होती, माझ्यासारख्या मंद मुलीला समजावून सांगावं तसं. तिच्या पोटी काय झालं ते तिला माहीत नसेल होय? दार उघडलं तेव्हाच तिला माहीत होतं. पण तो आत आला आणि तिच्याकडे बघून 'आई' म्हणाला. "तूही म्हणतेस," ती म्हणाली, "पण वहीकडे बघून." जो नव्हता तो आलाय, त्याला दारातून परत कसा पाठवू, असं तिने मला विचारलं.

मग मी त्याच्याकडे वळले. मला भीती वाटत होती, पण त्याची नाही. मी चुकत असेन तर, अशी ती नेहमीची भीती. मी म्हटलं, आम्ही कोणी तुला न सांगितलेलं असं एक काहीतरी सांग. या घरातलं, आईचं, तुझ्या बालपणातलं. काहीही चालेल.

तो आईकडे वळला. आईचे ओठ हलले. ती त्याला सांगणार होती, मला दिसलं ते, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आपल्या आईच्या तोंडावर मी हात ठेवला, आत्या. तिचा श्वास माझ्या तळव्याला लागत होता. तो उभा राहिला. चिडला नाही, गोंधळला नाही, डोळे मिटून काही आठवायचाही प्रयत्न केला नाही. तो नुसता थांबला, आणि थांबून राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं. आधी हसू गेलं, मग ते माझ्यावर गेलेलं नाकही माझ्यासारखं दिसेना. बाहेरून गाडी जाताना ऐकू आली. आईने माझा हात बाजूला केला, पण ती बोलली नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं होतं. ट्रंकेच्या कडीवरची बोटं तिने सोडवून घेतली.

तेव्हा त्याने मला विचारलं, "मग माझी पहिली ओळ कुणी लिहिली?"

मला खोटं बोलता आलं नाही. गप्प बसता आलं असतं. पण त्याने प्रश्न इतका सरळ विचारला होता, आणि तू शिकवलंय की सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं. मी म्हटलं, आत्याने. त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि गेला. पत्ता विचारला नाही. दुकानदाराला मी नंतर विचारलं तर तो म्हणाला, कोण भाऊ? आणि माझ्या नाकाकडे बघायला लागला.

आई पुन्हा पडून आहे, पण भिंतीकडे तोंड करून नाही. काल तिने विचारलं की वर्गात मुली त्रास देतात का. मी वही बाजूला ठेवून, तिच्याकडे बघून सांगितलं, नाही गं आई. तेवढंच.

आत्या, मी बरोबर केलं की नाही ते मला कळत नाही. आईचा ताळा मी पाहिला, पण तुझं नाव सांगून काय केलं हे मला तो रस्त्यावर दिसेनासा झाल्यावर समजलं. तुझं दार लावून घे. शिंपिणीला सोबतीला बोलाव. कोणी आलं, माझं नाव सांगितलं, गुडघा दाखवला, तरी उघडू नकोस. आईला सोडून निघता येत नाही, नाहीतर पत्राऐवजी मीच आले असते.

तुझी धाकटी

१३ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्यानेच ते मला वाचून दाखवलं. उजवा डोळाही आता कंटाळलाय. 'दार लावून घे' हेही त्याने वाचलं, एक अक्षर गाळलं नाही की आवाज बदलला नाही.

तो तुझ्या पत्राच्या आधी पोचला होता. सकाळी मी चहा ठेवत होते. दार वाजलं आणि कोण आहे हे मी विचारलंच नाही. तू माझं नाव सांगितलंस त्याचा मुळीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. खोटं सांगितलं असतंस तर मी चुकीची मुलगी शिकवली असं झालं असतं. तू वहिनीला वाचवलंस. तिला जे हवं होतं ते नाही म्हणायला मला जमलं नसतं.

पण मी शिकवते ते मला स्वतःला पाळायला हवं, म्हणून मीही ताळा पाहिला. वहिनीच्या ओळीत तो बसत नव्हता. माझी ओळ वेगळी आहे. समजा एक मुलगा आहे, जो मी सांगेन त्या सगळ्या चुका करतो. मी तुझीच युक्ती केली. म्हटलं, मी कोणालाही न सांगितलेलं एक सांग. मला वाटलं, तो गप्प उभा राहील आणि मीही तुझ्यासारखी त्याला वाटेला लावीन.

तो म्हणाला, "टाकीजवळ बसलो होतो. तू बोलवायला आलीच नाहीस."

तुला हे कळणार नाही. तुझ्यासाठी मी एक गणित केलं होतं आणि कधी दिलं नाही. टाकीत नळाने जेवढं पाणी येतं त्याहून जास्त तळातून गळतं, तर ती कधी भरेल. उत्तर येतं उणे सहा तास, म्हणजे कधीच नाही. दादा चिन्ह विसरला आणि त्याचं उत्तर आलं सहा तास. म्हणून तो टाकीच्या काठावर बसून राहिला, ती भरायची वाट बघत. हे इतकं केविलवाणं वाटलं की मी ते तुला दिलं नाही. कुठे लिहिलं नाही, कोणाजवळ बोलले नाही. नुसतं मनात आणलं आणि टाकून दिलं. त्याला तिथे बसवलं आणि उठवायचं राहिलं.

दोन्ही बाजू जुळल्या, धाकटे. मी दुसऱ्यांदा तपासलं, तुला माहीत आहे मी किती खडूस आहे ते. आता माझ्याजवळ नाही म्हणायला काय उरलं?

तो वाईट नाही. पाणी भरतो, केर काढतो, मी सांगेन तसा चुकतो. शिंपिणीला तो आवडलाय, म्हणते, इतकी वर्षं कुठे लपवला होतात. तू येऊ नकोस. वहिनीजवळ बस, आणि तिच्याकडे बघून बोल, तिचं ते म्हणणं खरं होतं. आणि तुझ्या वकीलबाईंना माझ्याकडून एवढं सांग की कोण बसतो हे बघायच्या आधी ओळ कुणाची आहे ते बघावं. त्यावर ती 'कशावरून' म्हणेल, ते चांगलं आहे.

आम्ही आज निघतोय. मी विचारलं, गाव किती लांब आहे. त्याने माझ्या चपला माझ्यापुढे ठेवल्या, हात धरला आणि म्हणाला, "ते तू सांगायचंस."

आत्या